एका कागदावर अनेक पोथ्या

१/ गोखिवऱ्यापासून पुण्यापर्यंत आज कितीतरी मेजांवर दोन-दोन मॉनिटर दिसतात. दोन मजकूर शेजारी असले, की तुलनेचा भार स्मरणशक्तीवर पडत नाही. हीच निकड शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला भासली होती.

२/ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ मध्ये सुरू झाले. १९२५ पासून डॉ. वि. सी. सुखठणकर प्रमुख संपादक होते. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिपींतील पोथ्यांचे पाठ परस्परांशी जुळत नव्हते.

३/ त्यावर उपाय होता पाठतुलनेचे पत्रक. वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक अक्षराअक्षराने मांडलेला, खाली प्रत्येक पोथीसाठी स्वतंत्र ओळ. प्रशिक्षित शास्त्री भिन्न पाठ नेमका त्या अक्षराखाली नोंदवीत. सर्व साक्षी एका दृष्टिक्षेपात येत.

४/ याच पडताळणीतून व्यास सांगतात आणि गणेश लिहितो ही लोकप्रिय कथा उत्तरकालीन भर ठरली. ती मूळ संहितेतून निघाली. परंतु नष्ट झाली नाही, परिशिष्टात छापली गेली. वगळलेला भाग वाचकासमोर ठेवणे हे या पद्धतीचे प्रामाणिकपण होय.

५/ सुखठणकर १९४३ मध्ये निवर्तले; संहितेचे काम १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. साधने शेजारी मांडल्याने तुलना सुलभ होते. निर्णय मात्र अभ्यासकालाच घ्यावा लागतो आणि त्याचा आधारही दाखवावा लागतो.