मीरा-भाईंदरच्या पाण्यासाठी निधी ‘मंजूर’ झाला म्हणजे नेमके काय होते?

‘पाणी योजनेसाठी कोट्यवधींचा निधी मंजूर’ असे फलक चौकात लागतात, त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. घरातला नळ मात्र तेवढाच वेळ चालतो. असे का होते, हे अनुदानाची वाट कशी असते ते पाहिल्यावर समजते. हा पैसा एकदम येत नाही, सगळाच सरकारकडून येत नाही आणि किती येणार हे शहराची लोकसंख्या कशी मोजली जाते यावरही ठरते.

शहराला पाणी कुठून मिळते?

मीरा-भाईंदर महापालिकेचे स्वतःचे धरण नाही. पाणी दोन संस्थांकडून विकत घेतले जाते. स्टेमकडून रोज ८६ दशलक्ष लिटर आणि एमआयडीसीकडून १२५ दशलक्ष लिटर असा मंजूर कोटा आहे. स्टेम ही ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या महापालिका व ठाणे जिल्हा परिषद यांची संयुक्त कंपनी आहे. एमआयडीसीचे पाणी बारवी धरणाच्या भरवशावर येते.

तिसरा स्रोत सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेचा. पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीवरून एकूण ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणण्याची ही योजना एमएमआरडीएने हाती घेतली. त्यातले १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी आहे. म्हणजे या एका योजनेतला शहराचा वाटा आजच्या दोन्ही कोट्यांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे. सूर्या प्रकल्प मुळात सिंचनासाठी उभा राहिला होता. त्यामुळे पाणी शहरांकडे वळवण्याला पालघरमधील शेतकरी व आदिवासी संघटनांनी विरोधही केला.

पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणणे हा एक खर्च. तिथून सोसायट्यांपर्यंत नेण्यासाठी टाक्या, पंप आणि अंतर्गत जलवाहिन्या लागतात, तो दुसरा. महापालिकांना केंद्राचे अनुदान प्रामुख्याने अशा शहरातल्या कामांसाठी मिळते.

केंद्र किती देते?

‘अमृत २.०’ ही योजना १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी तिचा एकूण आराखडा २ लाख ९९ हजार कोटी रुपयांचा आहे. त्यात केंद्राचा वाटा ७६,७६० कोटी. उरलेला भार राज्ये आणि स्थानिक संस्थांवर. प्रकल्पखर्चातला केंद्राचा वाटा शहराच्या आकारानुसार ठरतो :

- १ लाखापेक्षा कमी लोकसंख्या : निम्मा खर्च
- १ ते १० लाख : एक तृतीयांश
- १० लाखांपेक्षा जास्त : एक चतुर्थांश

२०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे ८ लाख ९ हजार होती. म्हणून शहर मधल्या गटात येते.

एकच शहर, तीन मापे

हेच शहर दुसऱ्या योजनेत वेगळ्या गटात बसते. जनगणनेच्या हिशेबात मीरा-भाईंदर हे बृहन्मुंबई नागरी समूहाचा भाग आहे. २००५ साली सुरू झालेल्या जेएनएनयूआरएममध्ये ४० लाखांहून मोठ्या महानगरांसाठी केंद्र ३५, राज्य १५ आणि स्थानिक संस्था ५० टक्के असे सूत्र होते. मीरा-भाईंदरची भुयारी गटार योजना याच अभियानातून मंजूर झाली. शहर लहान, पण माप मुंबईचे.

१५व्या वित्त आयोगानेही दहा लाखांवरच्या नागरी समूहांसाठी २०२१-२६ या काळात ३८,१९६ कोटींचा वेगळा निधी ठेवला. त्यातले २६,०५७ कोटी पाणी, स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, उरलेले हवेच्या गुणवत्तेसाठी. हे पैसे ठरलेली सेवामानके गाठण्याशी जोडलेले आहेत.

पैसा हातात कसा येतो?

आधी महापालिका शहराचा पाणी ताळेबंद करते : पाणी किती येते, किती लागते, किती वाया जाते. त्यावरून कामांची यादी होते, ती राज्याच्या आराखड्यात जाते आणि मग केंद्राची मान्यता मिळते. त्यानंतरही केंद्राचा वाटा २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो. आधीचा खर्च आणि प्रगती दाखवल्यावर पुढचा हप्ता सुटतो.

उदाहरणार्थ, ३०० कोटींचे काम मंजूर झाले असे धरू. केंद्राचा वाटा १०० कोटी, पण पहिल्या हप्त्यात २० कोटीच. उरलेले २०० कोटी राज्य आणि महापालिकेने उभे करायचे. महापालिकेकडे पैसे नसतील तर कर्ज काढावे लागते, नाहीतर काम रखडते. काम रखडले की पुढचा हप्ताही लांबतो.

अनुदानात काय बसत नाही?

अमृतमधून जमीन खरेदी, कर्मचाऱ्यांचे पगार आणि वीजबिल भागवता येत नाही. स्टेम आणि एमआयडीसीला द्यायचे पाण्याचे पैसेही महापालिकेच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी पाणीपट्टी आणि करांतून जातात. जलवाहिनी अनुदानातून टाकता येते. ती चालवण्याचा खर्च शहराचाच.

म्हणून गळती रोखणे महत्त्वाचे ठरते. हिशेबात न येणारे पाणी २० टक्क्यांच्या खाली आणावे, शहराच्या गरजेपैकी २० टक्के गरज प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातून भागवावी, अशी अमृत २.०ची अपेक्षा आहे. तलावांचे पुनरुज्जीवनही योजनेत बसते. विकत घेतलेला प्रत्येक लिटर वाचला, तर बिल वाचते.

पुढे काय?

पुढची जनगणना २०२७ची आहे. तिच्यात शहराने १० लाखांचा आकडा ओलांडला आणि पुढच्या योजनांत हेच सूत्र राहिले, तर केंद्राचा वाटा एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशावर येईल. ३०० कोटींच्या कामात हा फरक २५ कोटींचा. माणसे वाढतील, पाण्याची गरज वाढेल, पण मदतीचे प्रमाण घटेल. २०२६-२७पासूनची पाच वर्षे १६व्या वित्त आयोगाची आहेत, त्यामुळे त्या अनुदानाचे निकषही नव्याने लागू होतील.

बातमी आली की काय तपासावे?

- रक्कम ‘मंजूर’ आहे, ‘वितरित’ आहे की ‘खर्च’ झाली आहे?
- त्यात महापालिकेचा वाटा किती आणि तो कुठून येणार?
- काम शहरापर्यंत पाणी आणण्याचे आहे की शहरात वाटण्याचे?

नगरविकास विभागाचे शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात आणि निधीची विभागणी त्यांत दिलेली असते. फलकावरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो.