खाणकामगारांचा संघ परगावी

फुटबॉलच्या परिभाषेत 'घरचा सामना' हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की त्यातील 'घर' या शब्दाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. नियमाच्या दृष्टीने पाहिले तर घरचा सामना म्हणजे ज्याची व्यवस्था आणि जबाबदारी यजमान संघाकडे असते तो सामना. मैदान कोणत्या गावी आहे हा प्रश्न दुय्यम होय. मुंबईचे कूपरेज मैदान कामासाठी बंद होते त्या काळात मुंबई एफ. सी. हा संघ आपले घरचे सामने पुण्यास बालेवाडीला खेळत असे. त्यात कोणाला फारसे वावगे वाटले नाही, कारण कूपरेज आज ना उद्या उघडणार हे सर्वांना ठाऊक होते. परंतु परतण्याची वाटच बंद झाली तर? युक्रेनमधील दोनेत्स्कच्या शाख्तार संघावर २०१४ मध्ये हा प्रसंग ओढवला, तो अद्याप सरलेला नाही.

दोनेत्स्क हे गावच मुळी कोळशाने आणि लोखंडाने वसविले. जॉन ह्यूज नावाच्या वेल्समधील कारखानदाराने १८७० च्या सुमारास तेथे लोखंडाचा कारखाना काढला आणि त्याच्याच नावावरून गावाला युझोव्का म्हणू लागले. पुढे ते स्टालिनो झाले आणि १९६१ मध्ये दोनेत्स्क. गावाने नावे बदलली, पण वृत्ती खाणीचीच राहिली. १९३६ साली येथे फुटबॉलचा क्लब निघाला तेव्हा त्याला 'स्ताखानोवेत्स' असे नाव मिळाले. आदल्याच वर्षी अलेक्सेई स्ताखानोव या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचा डंका सोव्हिएत सरकारने पिटला होता. त्या आकड्यात प्रचाराचा भाग किती, हा वाद वेगळा. युद्धानंतर १९४६ मध्ये क्लबचे नाव बदलून खाणकामगार याच अर्थाचे झाले. मॉस्को आणि कीव येथील बलाढ्य संघांच्या पंक्तीत या संघाला मान मिळाला तो १९६१ आणि १९६२ मध्ये लागोपाठ दोन वेळा सोव्हिएत चषक जिंकल्यावर.

सोव्हिएत संघराज्य मोडल्यानंतरचा काळ धामधुमीचा होता. १९९५ मध्ये क्लबचे अध्यक्ष अखात ब्रागिन हे खुद्द क्रीडागारातच बॉम्बस्फोटात मारले गेले. पुढच्या वर्षी रिनात अख्मेतोव या धनाढ्य उद्योगपतीने सूत्रे हाती घेतली. त्यानंतर पैशाला तोटा राहिला नाही. ब्राझीलचे खेळाडू आले, २००९ मध्ये इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनला २-१ असे हरवून संघाने यूएफा चषक जिंकला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक बसतील असे दोनबास अरेना उभे राहिले. २०१२ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचे पाच सामने येथे झाले. या वैभवाला पुरती पाच वर्षेही लाभली नाहीत.

२०१४ च्या वसंतात रशियाच्या पाठबळाने फुटीरांनी दोनेत्स्कचा ताबा घेतला. मे महिन्याच्या आरंभी संघ तेथे अखेरचा खेळला आणि निघून गेला. कचेरी आणि मुक्काम कीवला, तर घरचे सामने सुमारे हजार किलोमीटर दूर पश्चिमेकडील ल्विवला, अशी व्यवस्था झाली. म्हणजे घरच्या सामन्यासाठीही विमानाने जावयाचे! ल्विव हे युक्रेनी राष्ट्रवादाचे माहेरघर, आणि दोनेत्स्क हे रशियन बोलणाऱ्या कामगारांचे गाव. ल्विवकरांना स्वतःचा कार्पाती संघ होता. रिआल माद्रिदसारखा पाहुणा आला की लोक येत. एरवीच्या सामन्यांना खुर्च्या ओस पडत. यात ल्विवकरांचा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. मैदान उसने देता येते, जिव्हाळा उसना देता येत नाही.

२०१७ च्या आरंभी संघ खार्किवला आला. या बदलाचे महत्त्व केवळ नकाशावरचे नाही. खार्किव पूर्वेकडचे, दोनेत्स्कपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. भाषेने आणि उद्योगधंद्याने त्याचेच भावंड. तेथील मेतालिस्त हा जुना क्लब २०१६ मध्ये कर्जापायी बुडाला होता, त्यामुळे चाळीस हजारांचे मैदान होते पण संघ नव्हता. इकडे संघ होता पण मैदान नव्हते. शिवाय दोनबासमधून परागंदा झालेली कितीतरी कुटुंबे याच शहराच्या आश्रयाला आलेली. डिसेंबर २०१७ मध्ये येथेच मँचेस्टर सिटीला त्या हंगामातील पहिला पराभव पत्करावा लागला. आमच्या मते वनवासातील सर्व मुक्कामांत घर म्हणण्याजोगा मुक्काम हाच. मात्र तोही निर्धास्त नव्हता. २०१८ च्या अखेरीस सरहद्दीलगतच्या भागांत लष्करी कायदा जाहीर होताच लियाँविरुद्धचा सामना कीवला हलवावा लागला, आणि २०२० मध्ये संघच कीवला गेला, ज्या मैदानावर तेव्हा जुना प्रतिस्पर्धी दिनामो खेळत असे त्याच मैदानावर.

येथे एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. या संघाला आपण निर्वासित म्हणतो, आणि ते खरेही आहे; परंतु धनवान मालकाच्या बळावर त्याला विमान मिळाले, हॉटेल मिळाले, नवे मैदान मिळाले. परगावी खेळतच त्याने २०१७ ते २०२० अशी सलग चार वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. दोनेत्स्कच्या खाणीत राबणारा आणि दर आठवड्यास मैदानावर येणारा माणूस मात्र पुष्कळदा तेथेच अडकला. त्याचे मैदान तोफगोळ्यांनी जायबंदी झाले. नंतर २०१७ पर्यंत अख्मेतोव यांच्या संस्थेमार्फत तेथूनच अन्नधान्याची मदत वाटली जात होती. तिकिटासाठी जेथे रांग लागे तेथे शिध्यासाठी लागू लागली.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने सर्वंकष आक्रमण केले आणि चालू हंगाम विजेत्याविना सोडून द्यावा लागला. ऑगस्टमध्ये कीवला स्पर्धा पुन्हा सुरू झाली ती प्रेक्षकांविना; भोंगा वाजला की खेळाडूंनी आसऱ्याला जावयाचे. युरोपीय स्पर्धांचे घरचे सामने आता देशाबाहेर गेले: प्रथम वॉर्सा, मग हांबुर्ग, मग गेल्सेनकिर्शेन. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी हांबुर्गच्या भरगच्च मैदानात शाख्तारने बार्सिलोनाला १-० असे हरविले. प्रेक्षकांत आश्रयाला आलेले युक्रेनी होते, तसेच कुतूहलाने आलेले जर्मनही. कागदोपत्री तो सामना दोनेत्स्कच्या संघाचा घरचा सामना होता. गोल केला दानिलो सिकान या तरुणाने. दोनबास अरेनावर शाख्तार शेवटचा खेळला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, आणि शाख्तारकडून त्या मैदानावर तो कधीच खेळलेला नाही.