नट ते कोच: थॉमस शेरिडनची गोष्ट

कंपन्यांतल्या बड्या साहेबांना हल्ली नाटकातली माणसं शिकवायला येतात. मीटिंगमध्ये उभं कसं राहायचं, आवाज कसा लावायचा, कुठे थांबायचं, असं सगळं. याला एक्झिक्युटिव्ह कोचिंग म्हणतात. नाव नवं आहे, धंदा मात्र जुना. अडीचशे वर्षांपूर्वी तो करणाऱ्या एका आयरिश नटाबद्दल आज बोलूया.

थॉमस शेरिडन. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला, लेखक जोनाथन स्विफ्टचा धर्मपुत्र. १७४३ मध्ये तो स्मॉक अ‍ॅली थिएटरात तिसरा रिचर्ड म्हणून उभा राहिला आणि गाजला. पुढे त्याच थिएटरचा कारभारही त्याने हाती घेतला.

आता त्या काळात नटाची पत काय होती, ते बघा. १७४७ मध्ये केली नावाचा एक तरुण दारूच्या नशेत रंगमंचावर चढला आणि नटींच्या अंगचटीला गेला. शेरिडनने त्याला बाहेर काढलं. वादात तो म्हणाला, मीही जंटलमनच आहे. झालं! नट स्वतःला जंटलमन म्हणवतो? एवढ्यावरून दंगा पेटला. कोर्टाने केलीला दोषी ठरवलं आणि शिक्षा माफ करा म्हणून रदबदली केली ती शेरिडननेच.

मग १७५४. 'महोमेट' नाटकातल्या काही ओळींत लोकांना राजकीय टोमणा दिसला आणि त्यांनी 'वन्स मोअर'चा धोशा लावला. शेरिडनचा याला विरोध होता. तेव्हा प्रेक्षकांनी थिएटरच मोडून टाकलं. दोन वर्षांनी तो परतला खरा, पण १७५८ मध्ये समोर क्रो स्ट्रीटचं नवं थिएटर उभं राहिलं आणि त्याचा हिशेब काही जुळेना.

तेव्हा त्याने वाट बदलली. रंगमंच त्याने पुरता सोडला नाही, पण लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज अशी वक्तृत्वावरची व्याख्यानं सुरू केली. १७६१ मध्ये एडिनबरात त्याच्यासमोर सुमारे ३०० जण बसले होते, त्यांत वकील आणि पाद्रीही होते. पुढच्या वर्षी ही व्याख्यानं पुस्तकरूपात आली.

तो काय शिकवायचा? त्याचं म्हणणं साधं होतं. माणूस घरी मित्रांशी छान बोलतो, हातात कागद आला की मात्र त्याचा सूर खोटा होतो. शब्द विचार पोचवतात, भावना पोचते ती सुरातून, चेहऱ्यातून, हातवाऱ्यांतून. नटाला हे रोजच्या कामातून कळतं. त्याने तेच कोर्टात आणि चर्चमध्ये नेलं.

पण या धंद्याला दुसरी बाजूही होती. अलेक्झांडर वेडरबर्न हा स्कॉटिश वकील लंडनला आला, तेव्हा त्याचे स्कॉटिश उच्चार त्याला अडचणीचे वाटत होते. ते घालवायला त्याने शेरिडन आणि चार्ल्स मॅक्लिन या दोघांकडे धडे घेतले. दोघेही नट आणि दोघेही आयरिश! म्हणजे स्कॉटिश माणसाला 'शुद्ध' इंग्रजी शिकवत होते दोन आयरिश नट. मला वाटतं, इथे एक प्रश्न आहे: कोच आत्मविश्वास विकतो, की आधी आपल्या बोलीची लाज विकतो आणि मग तिच्यावरचा उपाय? शेरिडनने दोन्ही विकलं. प्रमाणभाषेवरून टोमणे खाल्लेल्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

त्याला मिळालं काय? वर्षाला २०० पौंडांचं सरकारी पेन्शन. कोशकार सॅम्युअल जॉन्सनला ३०० होतं, तरी एका नटाला पेन्शन मिळालं म्हणून तो चिडलाच. थोडक्यात, जंटलमन लोकांना बोलायला शिकवूनही शेरिडन त्यांच्या लेखी नटच राहिला. पैसाही टिकला नाही. कर्जापायी १७६४ मध्ये त्याला फ्रान्सला जावं लागलं आणि दोन वर्षांनी त्याची लेखिका बायको फ्रान्सिस तिथेच वारली.

शिष्य मात्र वर गेला. १७९३ मध्ये वेडरबर्न लॉर्ड चान्सलर झाला. सालबाईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आपल्याला माहीत आहेच. त्याच्यावर लंडनमध्ये जो खटला चालला, त्यात जून १७८८ मध्ये चार दिवस गाजलेलं भाषण केलं ते रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडनने, म्हणजे थॉमसच्या मुलाने. आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज सुटला, तेव्हा अध्यक्षस्थानी होता वेडरबर्न! थॉमसने हे पाहिलं नाही. मुलाच्या त्या भाषणानंतर दोनच महिन्यांनी तो गेला.

म्हणून मला वाटतं, आज एखादा नट या क्षेत्रात येत असेल, तर त्याने कला सोडली असं म्हणू नये. कला तीच असते, फक्त टाळ्या दुसऱ्याला मिळतात. तेवढी तयारी मात्र हवी. भेटू पुढच्या भागात.