तंजावरची मिशन-शाळा आणि सरफोजीराजे

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी घराण्यांचा इतिहास आपण बहुधा दरबार, देवस्थाने आणि इनामांच्या कागदांतून वाचतो. शाळेचे पान त्यात क्वचितच येते. तंजावरच्या भोसल्यांच्या इतिहासात मात्र असे एक पान आहे. ते एका लुथरन मिशन-शाळेचे असून, ते वगळल्यास सरफोजीराजांचे विद्याकार्य पुरते उमगत नाही.

या शाळेचे मूळ तंजावर प्रांताच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडीत सापडते. हे बंदर डेनिशांना १६२० मध्ये तंजावरच्या नायकांकडून मिळाले होते. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले झीगेनबाल्ग आणि प्लुट्शौ हे दोन जर्मन लुथरन धर्मोपदेशक ९ जुलै १७०६ रोजी तेथे उतरले. झीगेनबाल्ग तमिळ मुलांबरोबर बसून, वाळूत अक्षरे गिरवीत तमिळ शिकला. १७०७ पासून मिशनने शाळा काढल्या. त्यांत मुलींचीही शाळा होती. धर्मग्रंथ प्रत्येकास स्वतःच्या भाषेत वाचता यावा, हा ल्यूथरचा आग्रह. म्हणून चर्चला लागून शाळा, आणि शाळेत मायबोली, हे ओघानेच आले.

याच परंपरेतला श्वार्ट्झ १७५० मध्ये आला आणि १७७८ पासून तंजावरास राहिला. दरबारी मंडळींशी बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. चर्चजवळच्या शाळेखेरीज, रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्या पुढाकाराने १७८५ च्या सुमारास निघालेल्या इंग्रजी शाळाही त्याने चालविल्या. अशा प्रत्येक शाळेस कंपनीच्या संचालकांनी १७८७ मध्ये सालीना २५० पॅगोडा मंजूर केले. कंपनीला इंग्रजी जाणणारी माणसे हवी होती, मिशनला धर्मप्रसार हवा होता, आणि गावातील घरांना मुलांसाठी विद्या हवी होती. तिघांचे हेतू वेगळे असूनही शाळा चालली.

तुळजाजीराजे १७८७ मध्ये वारले. त्यांच्या दत्तकपुत्राची, सरफोजींची, अमरसिंहांच्या कारकीर्दीत आबाळ होऊ लागली, तेव्हा श्वार्ट्झच्या खटपटीने त्यांना १७९३ मध्ये मद्रासेस हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या लुथरन मिशनऱ्याने त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ निवर्तला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. सत्ता गेलेल्या या राजाने विद्येत लक्ष घातले. राजवाड्यात ‘नवविद्या कलानिधी’ शाळा निघाली, देवनागरी छापखाना उभा राहिला, आणि इसापच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर १८०६ मध्ये सिद्ध झाले.

राजांनी धर्म बदलला नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसल्यांचा मराठी वंशेतिहास त्यांनीच कोरविला. त्याच राजांनी गुरूच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून चर्चमध्ये बसविले. मृत्युशय्येवरील गुरूचा हात हाती घेतलेले सरफोजी त्यात दिसतात.

या पानाची दुसरी बाजूही झाकता येत नाही. श्वार्ट्झच्याच छायेत वाढलेले तमिळ कवी वेदनायगम शास्त्री यांनी, जातिभेद मोडू पाहणाऱ्या नव्या मिशनऱ्यांना विरोध केला. त्यापायी १८२९ मध्ये त्यांची मिशनमधील जागा गेली आणि सरफोजींनी त्यांना आश्रय दिला. सर्वांना वाचायला शिकविणाऱ्या मिशनलाही सर्वांना एका पंगतीस बसविणे सोपे गेले नाही.

तरीही त्या शाळेचे एक तत्त्व तंजावरात रुजले, असे आम्हांस वाटते: मुलाला त्याच्या भाषेत पुस्तक मिळाले पाहिजे. मिशनने ते तमिळसाठी आचरिले, सरफोजींनी मराठीसाठी. भोवती तमिळ मुलूख, कारभारात इंग्रजी, आणि तरी मुलांसाठी मराठी पुस्तक! आपल्या घरांत मराठी बोलण्यापुरती उरली आणि वाचण्याची सुटली, तर शिलालेख जपूनही तो वाचणारे राहणार नाहीत. सरफोजीराजांनी भिंतीवरील इतिहासाइतकीच काळजी मुलांच्या हातातील पुस्तकाची घेतली, ती आपणही घ्यावयास हवी.