आपलं गाणं कोणतं?

आज एका आजाराचा आणि गाण्याचा इतिहास सांगणार आहे. या दोघांचा काय संबंध, असं वाटेल. जरा ऐका.

घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं की आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो आणि सोडून देतो. जेवण झालेलं असतं, तरी ते परत ताट मागतं. पोटच्या लेकीला 'तू कोणाची गं?' म्हणून विचारतं. दिवस मावळला की 'मला माझ्या घरी जायचंय' म्हणत दाराशी जाऊन बसतं. कुणी म्हणतं चळ लागला, कुणी म्हणतं नाटकं करते. पण हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात.

या आजाराच्या इतिहासात पहिलं नाव एका बाईचंच येतं. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात ऑगस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईला मनोरुग्णांच्या दवाखान्यात आणलं. तिला स्वतःचं नावसुद्धा नीट लिहिता येईना. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्याशी बोलत आणि तिचं बोलणं टिपून ठेवत. १९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा आतला बिघाड दिसला. स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला पुढे अल्झायमर यांचंच नाव मिळालं.

बिघाड सापडला, पण आजार मुळापासून बरा करणारं औषध आजही नाही. म्हणून सांभाळ कसा करायचा, हाच मोठा प्रश्न राहिला. आणि सांभाळ बहुतेक घरांत कोण करतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आता गाण्याकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जखमी सैनिकांच्या दवाखान्यांतून गाणंबजावणं होऊ लागलं. त्यातून संगीतोपचार उभा राहिला आणि १९५० साली ते काम करणाऱ्यांची देशभराची संघटना झाली. पुढे वृद्धाश्रमांतही गाणी लागू लागली. पण बहुतेक ठिकाणी सगळ्यांना मिळून एकच गाणं. कुणाला रुचो न रुचो.

इथे लिंडा गर्डनर या परिचारिकेनं वेगळा विचार केला. त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात काम करत. त्यांचं म्हणणं असं, की आजारी माणसाला त्याच्याच आवडीचं, त्याच्या आयुष्यातलं गाणं द्यायचं. बेचैनी रोज ज्या सुमाराला वाढते, त्याच्या थोडं आधी ते लावायचं. त्यांनी ३९ रुग्णांवर तुलना करून पाहिली. एकदा ज्याच्या त्याच्या आवडीचं गाणं, एकदा मन शांत करणारं म्हणून नावाजलेलं वाद्यसंगीत. २००० साली निष्कर्ष छापून आले. आपल्या गाण्यानं माणसं जास्त शांत झाली होती.

असं का होत असावं? २०१५ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी एक गोष्ट मांडली. ओळखीचं गाणं मेंदूच्या ज्या भागांत साठतं, त्यांतले काही भाग अल्झायमरमध्ये बाकीच्या भागांपेक्षा उशिरापर्यंत टिकतात. म्हणून नातवाचं नाव आठवत नाही, पण गाण्याची पुढची ओळ ओठांवर येते.

२००६ साली न्यूयॉर्कमध्ये डॅन कोहेन या समाजसेवकांनी वृद्धाश्रमातल्या माणसांच्या कानाला त्यांची त्यांची गाणी लावायला सुरुवात केली. २०१३ साली स्कॉटलंडमध्ये सॅली मॅग्नुसन या पत्रकार बाईनं यासाठी संस्था काढली. त्यांच्या आईला स्मृतिभ्रंश होता, आणि आईबरोबर गाणी म्हणताना त्यांना हा अनुभव आला होता.

एक गोष्ट खरी सांगायला हवी. अमेरिकेतल्या पन्नासहून जास्त वृद्धाश्रमांत मोठी तपासणी झाली. २०२२ साली तिचा निकाल आला. कर्मचाऱ्यांच्या सांगण्यावरून बेचैनीत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे गाणं हे हमखास औषध नव्हे. डॉक्टर आणि गोळ्या सोडायच्या नाहीत. पण आंघोळ घालताना, घास भरवताना, तिन्हीसांजेला आपल्या हातात काहीतरी असावं, एवढं ते नक्की आहे.

आता आपल्याकडचं पाहू. माणसाला साधारण दहा-बारा ते पंचवीस-तीस या वयातली गाणी जास्त आठवतात. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा १५ वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशी ओलांडून गेली. पण तेव्हा गावात रेडिओ किती घरांत होता? बहुतेक बायांचं गाणं जात्यावर होतं. पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्या, हादग्याची, भुलाबाईची गाणी, मंगळागौरीचे फेर, कुणाचा हरिपाठ, कुणाचा तंबूतला सिनेमा.

पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. जात्याबरोबर ओवीही जाईल, हे ओळखून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तीन हजारांहून जास्त बायांनी त्या सांगितल्या. महाराष्ट्राचा केवढा मोठा ठेवा त्यामुळे राहिला! पण तुमच्या सासूबाईंची ओवी त्यात असेलच असं नाही. ती तुम्हालाच विचारावी लागेल.

आणि वेळेत विचारावी लागेल. आजार वाढला की माणूस स्वतः सांगू शकत नाही. आपल्या आईला कोणतं गाणं आवडतं, हे किती जणींना माहीत आहे? तिला काय खपतं, काय पचत नाही, हे आपण जाणतो. गाणं मात्र कधी विचारलेलंच नसतं.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं घरातल्या थोरल्या माणसांना विचारून पाच-सात गाणी वहीत लिहून आणायची. लहानपणी काय म्हणत होता? लग्नात काय म्हटलं होतं? वारीत, शेतात काय म्हणत होता? स्वतः म्हणत असतील तर मोबाईलवर आवाज भरून ठेवा.

घरात कुणी आजारी असेल तर गाणं लावताना टीव्ही बंद करा, आवाज बेताचा ठेवा, जवळ बसा आणि चेहऱ्याकडे पाहा. रडू आलं तर हात धरा. त्रास वाढतोय असं दिसलं तर गाणं थांबवा. कुणाच्या गाण्याला दुःखाची आठवणही चिकटलेली असते.

आणि त्याच वहीत शेवटी आपलं स्वतःचं गाणंही लिहा. उद्या आपला सांभाळ करणारीला ते शोधत बसावं लागू नये.