मुलांचा मानसशास्त्रज्ञ कुठल्या कागदांत सापडतो?

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक चूक केली. महाराष्ट्रात मुलांसोबत काम करणारे मानसशास्त्रज्ञ कसे घडू लागले, हे मी नाशिकमध्ये बसून फक्त विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांत शोधत होते.

महत्त्वाचा धागा मिळाला तो समाजकार्यात. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तेच आजचं ‘टिस’. पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट, अमेरिकन मराठी मिशनचे. १९३७ मध्ये संस्थेने चाइल्ड गाइडन्स क्लिनिक काढलं. भारतातलं असं पहिलं क्लिनिक म्हणून त्याचा उल्लेख होतो.

कल्पना अमेरिकेतली. शिकागोत १९०९ साली विल्यम हीली यांनी बालगुन्हेगारांच्या अभ्यासासाठी केंद्र उघडलं होतं. पुढे तिकडे पद्धत रुळली, की मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून एक मूल समजून घ्यायचं. चाचण्या मानसशास्त्रज्ञाकडे, घर-शाळेची माहिती समाजकार्यकर्त्याकडे. म्हणजे मानसशास्त्रज्ञाला मूल एकटं भेटतच नव्हतं.

आता बघा, भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी त्याखाली होते. इतिहास तिथून मोजला, तर आधीची ५५ वर्षं गळतात. माझ्या मसुद्यात ती गळलीच होती!

म्हणून आजचं पदनाम घेऊन जुन्या कागदांत शिरू नका. ‘तेव्हा हे काम कोण करत होतं?’ असं विचारा. माझं दुसरं प्रकरण त्यापायी नव्याने लिहावं लागतंय.