संत्र्याला पहिली सुई

मुलाला टाइप वन डायबेटिस आहे असं डॉक्टर सांगतात, त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत त्या घराला एका नर्सचं काम शिकावं लागतं. त्यातली पहिली धास्ती सुईची. ती घालवायला दवाखान्यातली सिस्टर पूर्वापार एक युक्ती करत आली आहे. ती आईच्या हातात संत्रं ठेवते आणि म्हणते, टोचा. संत्र्याची साल सुईखाली साधारण माणसाच्या कातडीसारखी लागते. संत्रं ओरडत नाही, हात मागे ओढत नाही, आणि चुकून पाचाच्या जागी पंधरा युनिट गेली तरी त्याची शुगर उतरत नाही. मनसोक्त चुका, कुणाचं काही बिघडत नाही. लहानपणी आपण खेळ म्हणायचो तो याहून वेगळा नव्हता. म्हणून टाइप वनच्या खेळांची कुळकथा सांगताना मूळपुरुषाच्या जागी मी संत्र्यालाच बसवतो.

हे कूळ सुरू व्हायला आधी मुलं जगायला हवी होती. 11 जानेवारी 1922 रोजी टोरोंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी हा आजार झालेलं मूल उपाशी ठेवून काही महिने, फार तर काही वर्षं टिकवता यायचं. इन्सुलिन आलं, मुलं वाचली, आणि वाचलेल्या मुलांना रोजच्या रोज स्वतःची काळजी घ्यायला शिकवायचं कसं हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत मिशिगनमधल्या डॉ. लेनर्ड वेंट यांनी 1925 मध्ये अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं. तंबू, पोहणं, शेकोटी सगळं होतं, आणि जेवणाआधी सगळ्यांनाच सुई. वर्गात एकटं पडणारं मूल इथे चारचौघांसारखं होतं. हे शिबिर लक्षात ठेवा, पुढे तिथे दोन हत्ती येणार आहेत.

मधली कित्येक दशकं मुलांच्या वाट्याला चित्रांच्या पुस्तिका आणि वजनकाट्यावर मोजलेलं जेवण एवढंच आलं. 1990च्या दशकात कॅरल क्रेमर या अमेरिकन आईने आपल्या छोट्या मुलासाठी एका टेडी अस्वलाच्या दंडांवर, मांड्यांवर, पोटावर आणि ढुंगणावर रंगीत ठिगळं शिवली. इंजेक्शन द्यायच्या जागा त्याच. मुलाने आधी अस्वलाला टोचायचं, मग आईने मुलाला. त्या अस्वलाचं नाव रूफस. पुढे अमेरिकेतली एक मोठी डायबेटिस संस्था नव्याने निदान झालेल्या मुलांना जी पिशवी देते, तिच्यात रूफस जाऊन बसला. संत्र्याला हातपाय फुटले ते असे.

घराण्यातला बदनाम पूर्वज 1992चा. कॅलिफोर्नियातल्या राया सिस्टीम्स या कंपनीने सुपर निन्टेन्डोसाठी एक खेळ काढला. पैसा नोवो नॉर्डिस्क या इन्सुलिन बनवणाऱ्या कंपनीचा आणि नायकाचं नाव त्यांच्याच इन्सुलिनच्या नावावरून, कॅप्टन नोव्होलिन. हा सुपरहिरो स्वतः टाइप वनचा. गावाच्या महापौराला परग्रहवासीयांनी पळवून नेलंय, महापौरालाही डायबेटिस आहे आणि त्याच्याकडे इन्सुलिन पुरेल ते 48 तास. कॅप्टनच्या वाटेत शत्रू येतात ते डोनट, बिस्किटं, कोल्ड्रिंकचे डबे अशा रूपात. मधेमधे इन्सुलिनचा डोस निवडायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची, शुगर हद्दीत ठेवायची.

जगातल्या सर्वांत वाईट व्हिडिओ गेम्सच्या याद्यांमध्ये आजही याचं नाव निघतं आणि लोक हसतात. मला त्यातल्या ओबडधोबड उड्यांचं काही वाटत नाही. पहिल्या प्रयत्नाला तेवढी सूट द्यावी. खटकतं ते वेगळंच. या खेळात खाऊ राक्षस झालाय. टाइप वनच्या मुलाला त्याच खाऊसोबत जन्म काढायचा असतो, आणि शुगर अचानक खाली आली, घाम फुटून हात थरथरायला लागले, की त्याच कोल्ड्रिंकचा अर्धा ग्लास त्याचा जीव वाचवतो. ज्याच्याशी दिवसभर लढायला शिकवलं त्याचीच रात्री दोन वाजता गरज पडते. मोक्षपटावर साप कायम सापच असतो. इथे सापाची कधी शिडी होईल सांगता येत नाही, आणि कॅप्टनला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

दरम्यान 1993 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या 1,441 रुग्णांवर केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. शुगर काटेकोर राखली तर डोळे, मूत्रपिंडं आणि मज्जातंतूंची हानी खूप टाळता येते, हे त्यातून पक्कं झालं. काटेकोर म्हणजे दिवसातून चार-चारदा बोट टोचणं आणि तीन किंवा जास्त इंजेक्शनं, किंवा इन्सुलिनचा पंप. वैद्यकाने मुलांकडून अचानक कितीतरी जास्त मागायला सुरुवात केली.

अशा दिवसांत त्याच राया सिस्टीम्सने पॅकी आणि मार्लन आणले. दोन हत्ती, दोघांनाही टाइप वन, दोघं डायबेटिसच्या उन्हाळी शिबिराला आलेत आणि उंदीर-घुशींनी शिबिरातलं अन्न आणि औषधांचं सामान पळवून विखरून टाकलंय. ते गोळा करत चार दिवस काढायचे. वेळेवर शुगर बघायची, इन्सुलिन घ्यायचं, आणि जेवणाच्या तक्त्यात फळ, दूध, पाव जितके लिहिलेत तितकेच वेचायचे. जास्त खाल्लं तर हत्ती आजारी, कमी खाल्लं तरी आजारी. खाऊ आता शत्रू राहिला नव्हता, त्याचा हिशोब ठेवायचा होता. शिवाय खेळ दोघांनी मिळून खेळता येतो. डायबेटिस नसलेला भाऊ किंवा मैत्रीण शेजारी बसून दुसरा हत्ती चालवते आणि तिलाही त्याची शुगर सांभाळावी लागते. वेंट यांच्या शिबिरात जे होतं, ते आता घरातल्या टीव्हीसमोर आलं.

या हत्तींची नीट परीक्षाही झाली, आणि या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग तो आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या दोन दवाखान्यांतली 8 ते 16 वयाची 59 मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला घरी पॅकी-मार्लन दिला, दुसऱ्याला डायबेटिसचा गंधही नसलेला एक साधा व्हिडिओ गेम. खेळा म्हणून सक्ती नाही. सहा महिन्यांनी पाहिलं, तर हत्तींशी खेळलेल्या मुलांच्या दवाखान्याच्या तातडीच्या फेऱ्या 77 टक्क्यांनी घटल्या होत्या. आकडा डोळ्यांत भरतो, पण मुलं मोजकी होती आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला तो थोडक्यात कमी पडला, हे सांगायला हवं. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खरी गंमत पुढे आहे. दोन्ही गटांच्या डायबेटिसच्या ज्ञानात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीतही नाही. फरक पडला तो दोन गोष्टींत. मुलं स्वतःची काळजी जास्त नीट घ्यायला लागली आणि आईवडिलांशी आपल्या आजाराबद्दल जास्त बोलायला लागली.

म्हणजे जी माहिती द्यायला खेळ बनवला, ती काही फारशी पोचली नाही. ती त्या मुलांकडे आधीपासूनच होती. दवाखाने चांगले होते, डॉक्टरांनी सगळं सांगितलेलं होतं. त्यांना हवा होता बोलायला विषय. ‘‘माझी शुगर वाढलीय’’ हे आईला सांगणं अवघड, कारण लगेच ‘‘काय खाल्लंस?’’ येतं. ‘‘आई, मार्लनची शुगर वाढलीय’’ हे सोपं.

घराण्याची एक शाखा वेगळ्या वाटेने गेली. पॉल वेसल या अमेरिकन बापाच्या लक्षात आलं की मुलगा ग्लुकोमीटर सारखा हरवतो, गेम बॉय मात्र कधीच हरवत नाही. मग दोन्ही एकत्र करायचे. ‘ग्लुकोबॉय’ 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात विक्रीला आला, त्यातूनच पुढे बायर कंपनीचं ‘डिजेट’ झालं. 2009 मध्ये ब्रिटनमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत आलेलं हे मीटर निन्टेन्डो डीएसमध्ये खोचता यायचं. नियमित तपासलं की गुण, गुणांवर खेळातल्या नव्या गोष्टी. व्हिएन्नातल्या मायशुगर या ॲपने डायबेटिसलाच एक छोटा राक्षस केलं आणि नोंद केली की तो शांत होतो असं ठरवलं. 2017 मध्ये रोश कंपनीने ते विकत घेतलं.

या शाखेबद्दल माझं मत सरळ आहे. बोट टोचल्याचे गुण द्या, आलेल्या आकड्याचे देऊ नका. परीक्षा असो वा सर्दी, शुगर मुलाने काही न करताही चढते. आकड्यावर गुण मिळायला लागले की मूल आकडा लपवायला शिकतं, आणि लपवलेला आकडा सर्वांत धोक्याचा.

थोरली शाखा पुन्हा अस्वलाकडे वळली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या हॅना चुंग आणि ॲरन होरोविट्झ यांनी पाहिलं की टाइप वनची मुलं आपल्या टेडींची शुगर तपासतात, त्यांना इन्सुलिन देतात. त्यावरून त्यांनी जेरी हे अस्वल बनवलं. त्याला खायला घातलं की पोटावरच्या पडद्यावर शुगर चढायची, मग इन्सुलिनच्या पेनने टोचायचं. नोबेल पारितोषिकाच्या संकेतस्थळावर तर डायबेटिस झालेला कुत्रा सांभाळायचा खेळ होता. 1921 मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून, त्यामुळे ही परतफेड शोभून दिसली. रूफस, हत्ती, जेरी, कुत्रा, सगळ्यांत मूल रोगी नाही, डॉक्टर आहे.

यातलं आपल्याकडे जसंच्या तसं काही चालणार नाही. पॅकीच्या तक्त्यात पाव आणि दूध आहे, भाकरी, पोहे आणि वरणभात नाही. उकडीचा एक मोदक म्हणजे किती, हे त्या हत्तीला ठाऊक नाही. आणि आषाढी एकादशीला ‘हलकं’ म्हणून पुढ्यात येणारी साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. टाइप वनच्या मुलाच्या घरात तो दिवस सणापेक्षा गणिताचाच जास्त असतो.

तुमच्या घरात किंवा शेजारी असं मूल असेल तर परदेशी खेळण्याची वाट पाहू नका. जुना टेडी काढा, सुई काढलेली सिरिंज द्या, भातुकलीच्या ताटलीत पुठ्ठ्याची पोळी आणि पुठ्ठ्याचा मोदक वाढा, आणि मुलाला डॉक्टर करा. टेडीची शुगर आज किती आणि का, हे तेच तुम्हाला सांगेल. मधे बोलू नका.